माउस: १८८ टनांच्या जर्मन रणगाड्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांची आवड असलेल्या माणसांचं बोलणं जर्मन टायगर आणि सोव्हिएत टी-३४ वरून हटकून माउसवर येतं. हा रणगाडा कधी आघाडीवर पोहोचलाच नाही, तरी त्याच्याविषयीच्या दंतकथा भरपूर आहेत. या विषयावर नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

माउस म्हणजे नेमकं काय?

जर्मनीने १९४२ ते १९४४ या काळात विकसित केलेला प्रायोगिक अतिजड रणगाडा. कागदोपत्री नाव पँझरकाम्पफवागेन आठ, प्रचलित नाव माउस, म्हणजे उंदीर. वजन १८८ टन, तोफेसह लांबी सुमारे १०.२ मीटर, रुंदी ३.७ मीटरच्या आसपास, उंची ३.६ मीटर, आत सहा माणसं. प्रत्यक्षात बांधून पूर्ण झालेल्या रणगाड्यांत आजवर याच्याहून जड रणगाडा झालेला नाही.

एवढा अवजड रणगाडा बांधावा असं का वाटलं?

याचं मूळ १९४१ च्या उन्हाळ्यात आहे. सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर पहिल्याच आठवड्यात जर्मन सैन्याची गाठ केव्ही-१ आणि केव्ही-२ या जड रणगाड्यांशी पडली. लिथुआनियातल्या रासेनियाईजवळ अशा रणगाड्यांनी एका अख्ख्या पँझर (म्हणजे रणगाडा) डिव्हिजनला खोळंबून ठेवलं. जर्मनांच्या नेहमीच्या रणगाडाविरोधी तोफांचे गोळे त्यांच्या चिलखतावर आपटून नुसते उडत होते. हा धक्का मोठा होता. उद्या रशिया याहून जड काहीतरी आणणार, आपण आधीच त्याच्या पुढे गेलं पाहिजे, ही धास्ती हिटलरच्या मनात बसली. जून १९४२ मध्ये त्याने फर्डिनांड पोर्शेंना शंभर टनांच्या पुढच्या रणगाड्याचा आराखडा करायला सांगितलं.

धास्ती खोटी नव्हती. पण तिच्यावरचं उत्तर प्रत्येक वेळी ‘आणखी जाड चिलखत, आणखी मोठी तोफ’ एवढंच निघत गेलं. माउसची सगळी कहाणी या एका चुकीच्या प्रश्नाला दिलेल्या हुशार उत्तरांची आहे, असं माझं ठाम मत आहे.

पोर्शे म्हणजे मोटारगाड्यांचेच पोर्शे का?

हो, तेच. पुढे बीटल म्हणून जगभर गेलेल्या मोटारीचा आराखडा त्यांचाच. ते नाझी पक्षाचे सभासद होते, हिटलरची त्यांच्यावर खास मर्जी होती आणि १९४१ पासून ते सरकारी रणगाडा आयोगाचे अध्यक्ष होते.

रणगाड्यांच्या बाबतीत मात्र त्यांची कारकीर्द अडखळतच गेली. टायगरसाठी दोन आराखडे स्पर्धेत होते, पोर्शेंचा आणि हेन्शेल कंपनीचा. पोर्शेंच्या रणगाड्यात पेट्रोल इंजिनावर वीज तयार करून मोटरींनी चाकांभोवतीचे पोलादी पट्टे फिरवायची रचना होती. ती वारंवार बंद पडायची आणि तिला तांबंही फार लागायचं. हेन्शेलचा रणगाडा निवडला गेला. पण पोर्शेंच्या आराखड्याची नव्वदच्या आसपास धडं, म्हणजे तोफेच्या बुरुजाखालचे सांगाडे, आधीच तयार झाली होती. ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांवर लांब नळीची ८८ मिमी तोफ बसवून ‘फर्डिनांड’ ही रणगाडाभेदी गाडी तयार केली गेली आणि ती जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरली. माउसमध्ये याच विद्युत रचनेची मोठी आवृत्ती आहे. एकदा नाकारली गेलेली कल्पना पोर्शेंनी सोडली नाही, आणि त्यांना अडवण्याइतकं वजन त्या वर्तुळात कुणाकडे नव्हतं.

वजन शंभर टनांवरून १८८ वर कसं गेलं?

चिलखत वाढवलं की वजन वाढतं. वजन वाढलं की इंजिन मोठं लागतं. मोठ्या इंजिनाला जागा लागते, म्हणजे धड लांबवावं लागतं, आणि लांबलेल्या धडालाही पुन्हा चिलखत चढवावं लागतं. सुरुवातीचे अंदाज १०० ते १२० टनांचे होते. त्यात हिटलर मधूनमधून तोफ मोठी करायला सांगायचा, १५ सेंटिमीटरच्या तोफेचाही विचार झाला होता. शेवटी समोरचं चिलखत २०० मिमी, बाजूंचं १८० मिमीच्या पुढे आणि टरेटचं, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाचं, समोरून २२० मिमीपर्यंत गेलं. नुसतं टरेटच ५५ टनांचं होतं. टायगर हा पूर्ण रणगाडा ५७ टनांचा, यावरून काय ते समजावं.

रुंदी मात्र वाढवता येत नव्हती, कारण रणगाडा रेल्वेने न्यायचा तर तो बोगद्यांतून आणि फलाटांमधून गेला पाहिजे. मग एवढं वजन जमिनीवर पेलायचं कसं? उपाय म्हणून १.१ मीटर रुंदीचे दोन पट्टे लावले. ३.७ मीटर रुंदीतले २.२ मीटर पट्ट्यांनीच खाल्ले आणि मधल्या उरलेल्या अरुंद खोबणीत इंजिन, जनरेटर, इंधन सगळं बसवावं लागलं. रचनेचा छेद पाहिला की अभियंत्यांनी किती झगडून एकेक इंच मिळवला असेल ते लक्षात येतं. रेल्वेवाहतुकीसाठी १४ आसांची खास वाघीणही बांधावी लागली.

हे धूड हलायचं कसं?

मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एवढ्या वजनाला नेहमीचा गिअरबॉक्स लावायचा तर त्याचे दाते आणि क्लच किती काळ टिकतील याची खात्री नव्हती. पोर्शेंनी इंजिन आणि पट्टे यांच्यातला यांत्रिक दुवाच काढून टाकला. इंजिन फक्त जनरेटर फिरवणार, जनरेटर वीज तयार करणार आणि त्या विजेवर दोन मोटरी चालणार, डाव्या पट्ट्याला एक, उजव्याला एक. आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिन अगदी याच तत्त्वावर गाडी ओढतं. तिथेही डिझेल इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नसतो, चाकं विजेच्या मोटरी फिरवतात.

याचे फायदे खरे होते. दोन्ही मोटरींचा वेग वेगळा ठेवला की रणगाडा वळतो. एक पुढे आणि एक मागे फिरवली तर तो जागच्या जागी फिरतो. चालकाला गिअर बदलत बसावं लागत नाही आणि सुरुवातीपासून भरपूर ओढ मिळते. १८८ टनांचा रणगाडा चाचणीत सहज वळला, हे या रचनेचं श्रेय आहे आणि ते द्यायला हवं. विद्युत भाग सीमेन्स-शुकर्ट कंपनीचे होते.

इंजिनाची गोष्ट वेगळी. पहिल्या नमुन्यात डाइमलर-बेन्झचं एमबी ५०९ हे पेट्रोल इंजिन होतं. डीबी ६०३ हे विमानाचं इंजिन रणगाड्यासाठी बदलून ते तयार केलं होतं. बारा सिलिंडर, ४४.५ लिटर, १०८० अश्वशक्ती. दुसऱ्या नमुन्यात १२०० अश्वशक्तीचं एमबी ५१७ हे डिझेल इंजिन बसवलं. आकडे मोठे वाटतात, पण भागाकार करून पाहा. टायगरला दर टनामागे सुमारे १२ अश्वशक्ती मिळायची. माउसला डिझेल इंजिनावरसुद्धा साडेसहापेक्षा कमी.

शिवाय इंजिनाची ताकद आधी विजेत आणि विजेतून पुन्हा फिरण्यात बदलायची म्हणजे वाटेत थोडी गळती आलीच. जनरेटर आणि मोटरी यांचं स्वतःचं वजनही काही कमी नव्हतं. आणि तांबं! युद्धकाळात जर्मनीला तांब्याची कायम टंचाई होती.

वेग किती होता?

ताशी २० किमीचं उद्दिष्ट होतं. चाचण्यांत कडक जमिनीवर १३ किमीच्या आसपास मिळाला. एका भरणीत रस्त्यावर सुमारे १६० किमी आणि मोकळ्या जमिनीवर साधारण ६० किमी जाणं अपेक्षित होतं.

पुलावरून जायचा का?

नाही. त्या काळातले बहुतेक रस्त्यांवरचे पूल याच्याखाली कोसळले असते. पूल नाहीत म्हटल्यावर नदीच्या तळातून जायचं, असं ठरलं. साधारण दोन मीटर खोल पाण्यातून तो तसाच जाऊ शकत होता. त्याहून खोल पाण्यासाठी, सुमारे आठ मीटरपर्यंत, योजना अशी होती: रणगाड्याची सगळी दारं आणि झडपा पाणी शिरणार नाही अशा बंद करायच्या, श्वासासाठी वर उंच नळकांडं लावायचं आणि इंजिन बंद ठेवायचं. काठावर दुसरा माउस उभा राहील, त्याचं इंजिन चालू असेल आणि तिथून जाड केबलने पाण्यातल्या रणगाड्याच्या मोटरींना वीज मिळेल. पहिला पलीकडे पोहोचला की त्याने काठावरच्या दुसऱ्याला वीज पुरवायची.

विद्युत रचनेचा इतका सुंदर उपयोग दुसरा सुचणं अवघड आहे. आता हेच लढाईत डोळ्यांपुढे आणा. समोरच्या काठावर शत्रू आहे, वर त्याची विमानं आहेत, आणि दोन रणगाडे केबलने एकमेकांना बांधून एक नदी ओलांडतायत. युक्रेनपासून पोलंडपर्यंत अशा नद्या किती!

तोफ कोणती होती?

मुख्य तोफ १२.८ सेंटिमीटरची, यागटायगर या रणगाडाभेदी गाडीवर होती त्याच घराण्यातली. गोळा सुमारे २८ किलोचा आणि दारू वेगळी, म्हणून टरेटमध्ये दोन भरणारे लागायचे. तिच्या शेजारीच ७.५ सेंटिमीटरची आखूड तोफ होती. दूरवरच्या कुठल्याही दोस्तराष्ट्रीय रणगाड्याला भेदण्याची क्षमता मोठ्या तोफेत होती, यात शंका नाही.

जर्मन सैन्यात कुणी विरोध केला नाही?

केला. हाइन्झ गुडेरियान तेव्हा पँझर दलांचे महानिरीक्षक होते. मे १९४३ मध्ये हिटलरला माउसची लाकडी प्रतिकृती दाखवली गेली, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते अगदी साध्या गोष्टीवर: यात जवळच्या लढाईसाठी एकही मशीनगन नाही. पायदळाचे सैनिक खड्ड्यांतून, झुडपांतून अंगाशी आले तर त्यांना रोखणार कशाने? दोनच महिन्यांनी कुर्स्कला फर्डिनांडच्या बाबतीत नेमकं हेच झालं. तिच्यावरही मशीनगन नव्हती. माउसच्या आराखड्यात पुढे एक मशीनगन आली.

रणांगण माहीत असलेल्या माणसाला हिंडणारे, दुरुस्त होणारे, संख्येने भरपूर असणारे रणगाडे हवे होते. पण निर्णय त्याच्या हातात नव्हता.

किती बांधायचं ठरलं होतं आणि काम का थांबलं?

१०० हून अधिक बांधायची ऑर्डर निघाली होती. धड आणि टरेट क्रुप या पोलाद आणि शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीने तयार करायची, जोडणी बर्लिनच्या अल्केट कारखान्यात करायची अशी विभागणी होती. मार्च १९४३ पासून ब्रिटिश हवाई दलाने एसेनवर, म्हणजे क्रुपच्या घरावरच, जोरदार बॉम्बहल्ले सुरू केले. पोलाद, यंत्रं, कुशल हात, सगळ्याचीच ओढाताण होती. १९४३ च्या शरद ऋतूत मोठ्या संख्येने बांधायची योजना सोडून दिली गेली आणि फक्त नमुन्यांचं काम चालू राहिलं. १९४४ च्या उन्हाळ्यात क्रुपला उरलेलं कामही थांबवायला सांगितलं.

शेवटी हाती लागलं ते एवढंच: दोन धडं आणि एक पूर्ण टरेट. पहिला नमुना डिसेंबर १९४३ मध्ये हलला, पण त्यावर टरेटच्या जागी तेवढ्या वजनाचा नकली बोजा होता. जानेवारी १९४४ मध्ये तो श्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेनला चाचण्यांसाठी गेला. तिथल्या चिखलात तो खोल रुतल्याची छायाचित्रं उपलब्ध आहेत. माती उपसून आणि लाकडं घालून त्याला बाहेर काढावं लागलं. खरं टरेट दुसऱ्या नमुन्यावर १९४४ च्या मध्यावर चढलं.

तुलनेसाठी: त्याच १९४४ सालात सोव्हिएत कारखान्यांनी टी-३४ च्या सगळ्या प्रकारांचे मिळून १४ हजारांच्या आसपास रणगाडे बाहेर काढले. एका माउसच्या वजनात चार पँथर, म्हणजे जर्मनांचे मध्यम रणगाडे, बसतात.

हे बांधणारे हात कुणाचे होते?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, तो जास्त विचारला जावा. त्या वर्षांत जर्मन शस्त्रकारखाने फक्त पगारी जर्मन कामगारांवर चालत नव्हते. व्यापलेल्या देशांतून पकडून आणलेले स्त्री-पुरुष, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी तिथे राबत होते. १९४४ मध्ये एसेनमध्ये बुखेनवाल्ड छळछावणीची एक उपछावणी उघडली गेली आणि तिथे सुमारे ५२० ज्यू मुली आणि स्त्रियांना क्रुपसाठी कामाला जुंपलं गेलं. त्यांचे हात माउसला लागले असा दावा मी करत नाही, तोवर ते काम आवरत आलं होतं. पण कारखाना तोच होता. युद्धानंतर न्यूरेंबर्गला अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणापुढे खटला चालला आणि जुलै १९४८ मध्ये कंपनीचा मालक आल्फ्रीड क्रुप याला गुलाम मजुरी आणि लुटीच्या आरोपांखाली १२ वर्षांची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो सुटला आणि त्याची मालमत्ताही परत मिळाली.

चिलखताची जाडी तोंडपाठ असणाऱ्या प्रत्येकाला हा भागही माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

माउस कधी लढला का?

लढल्याचा पुरावा नाही. १९४४ च्या अखेरीस दोन्ही नमुने बर्लिनच्या दक्षिणेला कुमर्सडॉर्फच्या चाचणी मैदानाच्या परिसरात होते. १९४५ च्या वसंतात लाल सेना जवळ आली तेव्हा दुसरा नमुना जर्मनांनीच स्फोटकं लावून उडवला. त्याचं धड फुटलं, टरेट मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिलं. शेवटच्या दिवसांत त्याने रशियन रणगाड्यांचा धुव्वा उडवला वगैरे जे वाचायला मिळतं, ते कल्पनेतलं आहे.

व्हिडिओ गेममध्ये तो जवळजवळ अजिंक्य असतो. प्रत्यक्षातही झाला असता का?

समोरासमोर, सपाट मैदानात, दिवसाउजेडी, इंधन भरलेलं असताना त्याला थांबवणं फार अवघड गेलं असतं. गेममध्ये नेमकं तेवढंच असतं. युद्धात त्याला आधी आघाडीपर्यंत पोहोचावं लागलं असतं. मे १९४४ पासून अमेरिकी विमानांनी जर्मनीचे कृत्रिम इंधनाचे कारखाने झोडपायला सुरुवात केली आणि वर्षाअखेर साध्या रणगाड्यांनाही इंधन मिळेना. टरेटचं छत ६० मिमीचं होतं, मोठ्या बॉम्बपुढे ते टिकलं नसतं. पट्टा तुटला किंवा मोटर जळली तर? सत्तर टनांचा किंग टायगर ओढून न्यायलाच जर्मनांकडे पुरेशी साधनं नव्हती आणि कितीतरी किंग टायगर चालकांनी स्वतःच उडवून टाकले. १८८ टन कोण ओढणार होतं?

हजार टनांचा ‘राटे’ हा जर्मन रणगाडा खरा होता का?

फक्त कागदावर. तो प्रस्ताव १९४३ च्या सुरुवातीला शस्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअरने बंद केला. ई-१०० मात्र खरा होता. माउसचा हा सुमारे १४० टनांचा प्रतिस्पर्धी पाडरबॉर्नजवळ अर्धवट अवस्थेत दोस्तराष्ट्रांच्या हाती लागला. ब्रिटिशांनी तो नेला आणि पुढे भंगारात काढला.

हा वेडेपणा फक्त जर्मनांचा होता का?

अजिबात नाही. ब्रिटनने ८० टनांचा टॉग-२ बांधला. पहिल्या महायुद्धात रणगाडा जन्माला घालणारी जुनी मंडळीच त्यामागे होती आणि पुन्हा खंदकांचं युद्ध होईल असं गृहीत धरून त्यांनी तो केला. त्यातही इंजिन आणि पट्ट्यांमध्ये वीजच होती! नंतर ब्रिटिशांचाच ७९ टनांचा टॉर्टॉइस आला. तो युद्ध संपल्यावर तयार झाला आणि त्याचे सहाच नमुने बनले. अमेरिकेच्या ८६ टनी टी-२८ चं समोरचं चिलखत ३०५ मिमी, म्हणजे माउसपेक्षाही जाड. त्याला चार पट्टे होते आणि बाहेरचे दोन काढून मागे ओढत नेता यायचे. या दोघांचा हेतू ठरावीक होता, जर्मन सरहद्दीवरची तटबंदी फोडायची. ती गरज संपली तेव्हा त्यांनी काम थांबवलं. जर्मनीत माउसचा नेमका उपयोग काय, हे शेवटपर्यंत कुणी नीट सांगितलं नाही.

आज तो कुठे पाहता येतो? भारतात आहे का?

जगात एकच माउस आहे, मॉस्कोच्या पश्चिमेला कुबिंकाच्या रणगाडा संग्रहालयात. सोव्हिएत तंत्रज्ञांनी पहिल्या नमुन्याच्या धडावर दुसऱ्याचं टरेट बसवलं आणि मे १९४६ मध्ये तो तिथे आणला. आतली बरीचशी यंत्रसामग्री काढलेली आहे, म्हणजे उभं आहे ते मुख्यतः कवच. चाचणीत झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा धडावर दिसतात. टॉग-२ आणि टॉर्टॉइस इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनला आहेत.

भारतात अर्थातच माउस नाही. पण महाराष्ट्रात राहत असाल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम जरूर गाठा. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने उभारलेल्या या संग्रहालयात दोन्ही महायुद्धांच्या काळापासूनची वाहनं आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून काबीज केलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन रणगाडाही आहे. पॅटन ४५ टनांच्या आसपासचा. त्याच्याजवळ उभं राहून त्याचे पट्टे बघा, मग त्याच्या चौपट वजनाचा हिशेब मनात करा.